कोणता व्यायाम कोणाला: आजच्या सल्ल्यांमागची पार्श्वभूमी

नागपुरात अंबाझरीच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सच्या रस्त्याने सकाळी फिरायला जाणाऱ्यांना व्यायामाविषयीचे सल्ले फुकट आणि भरपूर मिळतात. मधुमेह असेल तर रोज दहा हजार पावले चालावीत, हृदयाचा त्रास असेल तर वजनाला हात लावू नये, गुडघे दुखत असतील तर चालणेच बंद करावे आणि कंबर धरली असेल तर आठवडाभर पडून राहावे, असे हे सल्ले असतात. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण एवढीच की यातला प्रत्येक सल्ला वेगळ्या काळातून आलेला आहे. काही सल्ले एकेकाळी नामवंत डॉक्टरांनीच दिलेले होते आणि पुढे मोजमाप झाल्यावर मागे घेतले गेले. दहा हजार पावलांचा आकडा तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्यामागे वैद्यकीय प्रयोग नव्हता.

व्यायामाला मर्यादा घालून देण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत व्यायाम मात्रेनेच करावा असे सांगून अतिव्यायामाने तहान, धाप, खोकला, ताप आणि उलटी असे त्रास होतात, असे म्हटले आहे. सुश्रुतसंहिता आपल्या बळाच्या निम्म्याइतकाच व्यायाम करावा असे सांगते आणि ते निम्मे बळ ओळखण्याची खूणही देते: व्यायाम करता करता श्वास तोंडावाटे येऊ लागला की निम्मे बळ खर्ची पडले. आजचे फिजिओथेरपिस्ट चालणाऱ्या रुग्णाला ‘बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये’ अशी जी कसोटी सांगतात, ती याच जातीची आहे, कारण दोन्हींत कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ श्वासावरून श्रमाची पातळी ठरवली जाते. अष्टांगहृदयात वातपित्ताचे रोगी, लहान मुले, वृद्ध आणि अजीर्ण झालेले यांनी व्यायाम टाळावा असे आहे. बलवान माणसानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, तर इतर ऋतूंत त्याहूनही हलका व्यायाम करावा, असे तो ग्रंथ सांगतो. वृद्धांवरची ही बंदी पुढे टिकली नाही. ऋतूची अट मात्र नागपूरकरांनी आजही गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

मधल्या काळात व्यायाम हा मुख्यतः निरोगी तरुणांचा विषय राहिला. आखाड्यातल्या जोर-बैठका, जोडी, मल्लखांब ही बळ वाढवण्याची साधने होती, आणि कोणाकडून किती करवून घ्यायचे हे वस्ताद समोरच्याचे अंग बघून ठरवीत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यायामाला राष्ट्रीय चळवळीचे रूप आले. विदर्भात १९१४ साली अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी आणि शाळाशाळांत नेले. या चळवळीने समाजाला व्यायामाची गोडी लावली हे खरेच. परंतु मैदानावर एका शिट्टीसरशी शंभर जण एकच हालचाल करू लागले, तेव्हा माणसागणिक प्रमाण बदलणारी वस्तादाची नजर मागे पडली, असे मला वाटते. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचा शरीरावरील परिणाम क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून तपासायला घेतला, ही त्या काळातली वेगळी वाट होती.

पाश्चात्त्य वैद्यकाने याच सुमारास दुसरे टोक गाठले होते. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला सहा आठवडे अंथरुणात पडून ठेवायचे आणि कुशीवर वळायलाही परिचारिकेची मदत द्यायची, अशी पद्धत होती. हृदयाच्या स्नायूची जखम भरेपर्यंत त्याच्यावर भार नको, असा त्यामागचा तर्क होता. या विश्रांतीत पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जाऊन रुग्ण दगावत, आणि जे वाचत ते पुढे कायमचे खचून जात. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या बोस्टनच्या डॉक्टरांनी रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेवढ्यावरूनही सहकाऱ्यांचा विरोध झाला. आज बायपास झालेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालवतात आणि घाबरलेले नातेवाईक ‘एवढ्यात कशाला’ म्हणून आड येतात. त्यांच्या भीतीचे मूळ या जुन्या पद्धतीत आहे.

निर्णायक पुरावा १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधून आला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच सेवेतल्या, साधारण सारख्याच आर्थिक स्तरातल्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. चालक दिवसभर बसून असत, तर तिकिटे फाडणारे वाहक दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत. वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता आणि झालाच तर सौम्य होता. टपाल खात्यात फिरणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. मॉरिस तिथेच थांबले नाहीत. चालक मुळातच स्थूल असतील तर, ही शंका तपासण्यासाठी त्यांनी गणवेशाच्या पँटींच्या मापांच्या नोंदी काढल्या, आणि चालकांच्या कंबरेचे माप खरोखरच नोकरीच्या सुरुवातीपासून जास्त असल्याचे १९५६ मध्ये प्रसिद्धही केले. आपल्याच निष्कर्षाला छेद देऊ शकणारी माहिती अशी उघड्यावर मांडणारे संशोधक विरळाच.

विश्रांतीची किंमत मोजली गेली ती १९६६ मध्ये डॅलसला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणात ठेवल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वयोमानाने जेवढी झाली नव्हती, त्याहून जास्त हानी त्या तीन आठवड्यांनी केली होती असे दिसले. पाठदुखीबाबतही १९८६ च्या एका अमेरिकी चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयोगी ठरली, आणि कमी विश्रांती घेतलेले लोक लवकर कामावर गेले.

व्यायाम औषधासारखा द्यायचा, तर त्याचे माप हवे. त्याचा एक धागा दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांपाशी जातो. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १९४५ मध्ये गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांना चढत्या क्रमाने वजने उचलायला लावली आणि पुढे दहा-दहा वेळा, तीन फेऱ्या पुरतात असे सांगितले. धरमपेठेतल्या जिममध्ये आज ट्रेनर ‘तीन सेट, दहा-दहा’ म्हणतो, ते मुळात आजाऱ्यांसाठी ठरलेले प्रमाण आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ‘किती दमल्यासारखे वाटते’ याचा सहा ते वीस असा मापदंड तयार केला. २२० मधून वय वजा करून कमाल नाडी काढण्याची लोकप्रिय रीत १९७१ च्या एका लेखातून पसरली. तो ढोबळ अंदाज आहे, आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी मुळातच फारशी वाढत नसल्याने त्यांना तो लागूच पडत नाही. अशांना बोर्ग यांचा मापदंड किंवा बोलण्याची कसोटी बरी. याच दशकात कॅनडात व्यायामापूर्वी विचारायची सात प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली: श्रमाने छातीत दुखते का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडांचे किंवा सांध्यांचे काही दुखणे आहे का, अशा स्वरूपाची. ज्यांची सगळी उत्तरे ‘नाही’ आहेत, त्यांना तपासण्यांच्या रांगेत उभे न करणे हाही तिचा हेतू होता.

यानंतर आजारागणिक अभ्यास सुरू झाले आणि अनेक बंद्या एकेक करून पडल्या. १९९० मध्ये बोस्टनला नव्वदीच्या घरातल्या, आधारगृहात राहणाऱ्या दहा वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजने उचलली आणि शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गरोदर स्त्रियांनी नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नये, हा अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये घातलेला दंडक तिनेच १९९४ मध्ये काढून टाकला. झिजलेल्या गुडघ्यासाठी चालणे सोडण्याऐवजी मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकटी देणे हा आज पहिल्या फळीतला उपचार आहे. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरण्यापासून त्याची सुरुवात होते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांनी नियमित चालणे आणि आहार सांभाळला, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास कमी होते.

काही निर्बंध मात्र याच अभ्यासांनी पक्के केले, आणि बागेतल्या सल्ल्यांत नेमके तेच हरवतात. ठिसूळ हाडांच्या स्त्रियांचा एक छोटा पण बोलका अभ्यास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये प्रसिद्ध केला: पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना पुढे नवी इजा झाली, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. सत्तरीच्या आजींना पुढे वाकण्याचे पश्चिमोत्तानासन शिकवणाऱ्याने हे आकडे माहीत करून घ्यावेत. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी ते टाळायचे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या तयार झाल्या असतील तर श्वास रोखून वजन उचलल्याने आत रक्तस्राव होऊ शकतो. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने चालायला निघताना खिशात ग्लुकोज ठेवावे. आणि हिरवळीवर अनवाणी चालण्याचा तो आवडता सल्ला, पायांची संवेदना गेलेल्या मधुमेह्यासाठी धोक्याचा आहे. काटा रुतलेला त्याला कळतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घ आजार असलेले, अपंग आणि गरोदर यांचा प्रथमच स्वतंत्र विचार झाला. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव, असे त्यांचे सार आहे. त्या जगासाठी लिहिलेल्या असल्याने त्यांत नागपूरचा मे महिना नाही.

इथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि मे अखेरच्या नवतप्यात सकाळी आठलाच अंगातून पाणी निथळते. उष्णतेला सरावायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. त्यातच विदर्भ हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा पट्टा आहे. या आजाराचे वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेले, एरवी निरोगी असतात आणि अनेकांना आपण वाहक असल्याचे ठाऊकही नसते. अमेरिकी लष्करातल्या भरती जवानांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय वाहकांना, वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांच्या तुलनेत, प्रशिक्षणात अचानक मृत्यूचा धोका सुमारे तीस पट आढळला. वाहकांना भरतीतून वगळावे, असा सूर त्यातून निघू शकला असता. लष्कराने त्याऐवजी सर्वांसाठीच पाणी, विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा सराव सक्तीचा केला. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक नव्हते, स्नायूंची गंभीर मोडतोड होण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी उन्हाळ्यात धावणाऱ्या आपल्या मुलांना हे थेट लागू होते. सिकलसेलची तपासणी सरकारी रुग्णालयांत होते आणि ती बॅच सुरू होण्यापूर्वी करून घेता येते. पहिले दोन आठवडे अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवणे, उजाडण्यापूर्वी धावणे, पाण्यासाठी कोणाचीही परवानगी न लागणे, आणि पाय किंवा कंबर भरून आली असे एखाद्याने म्हटले की त्याला ‘अजून एक राउंड’ न मारायला लावता तिथेच सावलीत बसवणे, एवढे प्रशिक्षकाच्या हातात असते.