अर्धा उभा, अर्धा आडवा : किंझुआचा पूल

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या नागपूरकरांचा नायगारा सहसा चुकत नाही. तिथून दक्षिणेला गाडीने दोन-अडीच तास गेलं की पेन्सिल्व्हेनियातलं माउंट ज्युएट गाव लागतं. त्याच्याजवळच्या किंझुआ दरीवर मधोमध तुटलेला एक रेल्वेपूल आहे, आणि त्याच्या शाबूत टोकावरून लोक चालत दरीवर जातात. फोटोत तो चारचौघांसारखा ‘व्ह्यू पॉइंट’ वाटतो. पण तो तुटला कसा, आणि तुटल्यावर तसाच का ठेवला, हे ठाऊक असलं तर तिथे बघण्यासारखं बरंच आहे.

पूल झाला कोळशासाठी. यादवी युद्धात लढलेले जनरल थॉमस केन यांना या डोंगराळ भागातला कोळसा, लाकूड आणि खनिज तेल बाहेर काढायचं होतं. दरीला वळसा घालायचा तर सुमारे 13 किलोमीटर जादा रूळ टाकावे लागले असते, तेही खडतर मुलखातून. त्यापेक्षा दरीच ओलांडावी असं ठरलं. आराखड्याच्या कामात ऑक्टेव्ह शनूट होते. पुढे विमानविद्येत राइट बंधूंचे सल्लागार-मित्र म्हणून ओळखले गेले ते हेच. दगडी पाये आधी बांधून झाले होते. त्यावर 20 मनोऱ्यांचा लोखंडी सांगाडा 1882 मध्ये कामाच्या 94 दिवसांत उभा राहिला. लांबी 625 मीटर, उंची 301 फूट, म्हणजे आपल्या दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या अडीच पट. त्या वेळी जगात याहून उंच रेल्वेपूल नव्हता. हा मान दोनच वर्षं टिकला. 1884 मध्ये फ्रान्सच्या गाराबी पुलाने तो घेतला.

उंची होती, पण पूल हलायचा. गाड्यांना ताशी 8 किलोमीटरच्या वर जायची मनाई होती. पुढे इंजिनं आणि डबे आणखी जड झाले, तेव्हा 1900 मध्ये सगळं लोखंड उतरवून त्याच जागी पोलादी पूल उभारला. मे महिन्यात हातात घेतलेलं काम सप्टेंबरात संपलं. पाये मात्र जुनेच राहिले, आणि मनोऱ्यांना पायांशी जखडून ठेवणारे, पायांत रुतलेले 1882 चे नांगर-बोल्टही. नव्या मनोऱ्यांसाठी ते जोड देऊन वर वाढवले गेले. तेव्हा ही काटकसर कुणाला खटकली असेल असं वाटत नाही.

1959 मध्ये रेल्वे कंपनीला शेजारच्या दुसऱ्या मार्गावरून गाड्या न्यायची सोय झाली आणि पूल भंगारात विकला गेला. घेणाऱ्या भंगार व्यापाऱ्याने तो मोडला नाही, हे नशीबच. 1963 मध्ये राज्याने तो विकत घेतला, पुढे तिथे उद्यान झालं, आणि 1987 पासून हौशी प्रवाशांची गाडीही त्यावरून धावू लागली. 2002 मध्ये तपासणीत गंज दिसला. आधी गाडी थांबली, मग पायी चालणंही. 2003 च्या सुरुवातीला दुरुस्ती लागली, आणि ती चालू असतानाच 21 जुलैला चक्रीवात (टॉर्नेडो) दरीत शिरला. अर्ध्या मिनिटात मधले 11 मनोरे आडवे झाले. तो काही फार मोठा चक्रीवात नव्हता. चौकशीत निघालं ते वेगळंच: पूल आडवा झोके घेऊ लागला आणि गंजलेले ते जुने नांगर-बोल्टच तुटले. पोलाद बदललं, पकड 1882 ची राहिली, आणि पूल गेला तो पकडीवर.

पुन्हा पूर्ण पूल बांधायचा खर्च राज्याला झेपणारा नव्हता. माझ्या मते बरंच झालं. दक्षिणेकडचे सहा मनोरे मजबूत करून त्यावर 190 मीटरची चालवाट केली. ती 2011 च्या सप्टेंबरात खुली झाली. टोकाशी जमिनीत काच बसवलेली आहे. तिथून खाली सुमारे 225 फूट दरी आणि पडले तसे राहू दिलेले मनोरे दिसतात. नवा, गुळगुळीत पूल असता तर हे समजलंच नसतं.

नागपूरकरांना यात ओळखीचं वाटेल ते कोळशाचं. आपली छोटी लाईनही छिंदवाड्याकडे सातपुडा चढून गेली ती परासियाच्या कोळशाच्या पट्ट्यात. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर चालणारी ती गाडी 2015 मध्ये बंद झाली, नागभीडची 2019 मध्ये. ब्रॉडगेज हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घाटातल्या जुन्या मार्गाचा एखादा तुकडा पायी फिरायला ठेवावा, ही चर्चा आपल्याकडे रूळ उखडायच्या आधी व्हायला हवी होती. आज इंजिनं बघायला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहे. वाट चालायला काही नाही.

किंझुआला जाणाऱ्यांसाठी एवढंच: प्रवेश फुकट आहे. चालवाट सपाट आहे, त्यामुळे आजी-आजोबांनाही जमते. पण वरूनच परत फिरू नका. दरीत उतरणारी पायवाट तीव्र उताराची आहे, पायात चप्पल नको. पडलेल्या पोलादाचा खरा आकार तिथे खालीच कळतो. ज्यांना लांब चालायचं आहे त्यांच्यासाठी जुन्या रेल्वेमार्गावरच माउंट ज्युएटपर्यंत वाट केली आहे, आणि ऑक्टोबरात तिथली झाडं लाल-पिवळी झालेली असतात. गर्दीही तेव्हाच जास्त.