पडलेले पान: ब्रिजमधल्या एका नियमाची पार्श्वभूमी

ब्रिज या चौघांनी दोन जोड्यांत खेळायच्या पत्त्यांच्या खेळात डमीची, म्हणजे डाव खेळणाऱ्या डिक्लेअररच्या जोडीदाराची, तेरा पाने टेबलावर उघडी मांडलेली असतात. त्याच टेबलावर बचाव करणाऱ्याच्या, म्हणजे विरुद्ध जोडीतल्या खेळाडूच्या, हातून एक पान निसटले, तर मात्र डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलवावे लागते. नवख्यांना हे कोडे वाटते. प्रतिस्पर्ध्याने आपले पान पाहिले तर नुकसान आपले. जोडीदाराने पाहिले तर फायदा आपला, आणि तो हक्काचा नाही. सगळा नियम या फरकावर उभा आहे. म्हणूनच खेळ सुरू झाल्यावर डिक्लेअररचे पान पडले तर त्याला काहीच भुर्दंड नाही: त्याच्या जोडीदाराला, म्हणजे डमीला, निर्णयच घ्यायचे नसतात.

या नियमाचे मूळ व्हिस्ट या ब्रिजच्या पूर्वज खेळात आहे. 1864 साली जॉन लोरेन बाल्डविन यांच्या संपादनाखाली लंडनच्या क्लबांनी व्हिस्टची संहिता काढली. पान टेबलावर उघडे पडले आणि कुणाला ओळखता येणार नाही इतक्या झटकन उचलले, तरी ते ‘उघडे’च धरायचे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. टेबलाखाली पडलेले पान मात्र सुटायचे. उघडे पान टेबलावरच ठेवायचे आणि प्रतिस्पर्धी मागतील तेव्हा टाकायचे. ही सरळ शिक्षा होती.

ब्रिजने ती वारशात घेतली. 1925 मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली आणि 1932 मध्ये लंडन, फ्रान्स व न्यूयॉर्कच्या संस्थांनी मिळून पहिली आंतरराष्ट्रीय संहिता केली. पुढच्या सुधारणांत शिक्षेचा भाग कमी होत गेला आणि झालेले नुकसान भरून काढण्यावर भर आला. माझ्या मते ही दिशा योग्यच होती, कारण दोन पाने चिकटून आली तर त्यात लबाडी नसते.

आजचा फरक असा. दश्शीपेक्षा लहान एकच पान चुकून उघडे पडले, तर ते किरकोळ दंडपान. समजा इस्पिकची सत्ती पडली: ती खेळून होईपर्यंत तुम्हाला इस्पिकचे दुसरे लहान पान टाकता येत नाही, पण गुलाम किंवा राणी टाकता येते. जोडीदाराच्या लीडवर, म्हणजे फेरीतले पहिले पान टाकण्यावर, बंधन नाही. पडलेले पान दश्शी ते एक्का यांपैकी असेल, किंवा पाळी नसताना मुद्दाम खेळलेले असेल, तर ते मोठे दंडपान. ते पहिल्या नियमशीर संधीला टाकावेच लागते. शिवाय इस्पिकची राणी अशी पडलेली असताना जोडीदाराकडे लीड आली, तर डिक्लेअरर ‘इस्पिकच खेळा’ किंवा ‘इस्पिक खेळू नका’ असे सांगू शकतो. दोन्ही वेळी राणी उचलून हातात घ्यायची. त्याने काहीच मागितले नाही तर राणी तिथेच राहते आणि जोडीदाराने वाटेल ते खेळावे.

इथे एक बारकावा हमखास चुकतो. राणी टेबलावर असेपर्यंत तिची माहिती सर्वांना वापरता येते. ती हातात परत गेली की जोडीदाराला ती माहिती वापरायची मनाई, डिक्लेअररला मुभा.

क्लबात सर्वात जास्त घोळ होतो तो डिक्लेअररच्या, भिडेखातर दाखवलेल्या ‘उचला हो, चालेल’ या उदारपणाने. तो अधिकार त्याचा नाही. डायरेक्टर येईपर्यंत पान जसे पडले तसेच राहू द्यायचे.

मुद्दाम पाने दाखवून ‘उरलेले सगळे हात माझे’ म्हणणे, म्हणजे क्लेम, हे वेगळे प्रकरण. त्यात कोणत्या क्रमाने खेळणार ते लगेच सांगायचे असते. विरोधकांकडे एक हुकूम शिल्लक आहे याचा उल्लेख राहिला, क्लेम करणारा तो विसरला असण्याची शक्यता दिसली आणि साध्या खेळात तो हुकूम हात जिंकू शकत असेल, तर तो हात विरोधकांना जातो. पूर्वी क्लेम होताच खेळ थांबे. 2017 च्या संहितेपासून, क्लेमला हरकत असेल आणि चौघेही राजी असतील, तर पुढे खेळता येते. मात्र मग त्या खेळाचाच निकाल धरायचा, आधीचा क्लेम रद्द.