गूळ का बसत नाही?

निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळांवर हंगामात एखादं आधण (काहिलीत एका वेळी उकळलेला रस) बसतच नाही. काहिलीतून वाफ्यात ओतलेला पाक कितीही घाटला तरी चिकटच राहतो, ढेप धरत नाही. बोल गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, लागतो. पण दोष बहुधा रसातच असतो.

उसातली साखर म्हणजे सुक्रोज: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची एकमेकांना जोडलेली जोडी. साखरेच्या दाण्यात हे रेणू ठरलेल्या कोनातच रचले जातात आणि हायड्रोजन बंध त्यांना धरून ठेवतात. या रचनेच्या सर्वांत लहान घरात दोनच रेणू मावतात; दुसरा पहिल्याला पेचासारखा अर्धा फिरवून पुढे सरकवलेला. परका आकार तिथे बसत नाही.

आकार म्हणजे काय, ते अथणीच्या कोल्हापुरी चपलांवरून कळतं. माप तेच, चामडं तेच, तरी उजवी चप्पल डाव्या पायात बसत नाही. शर्करांचंही तसंच. ग्लुकोज आणि दुधाच्या साखरेतलं गॅलॅक्टोज, दोन्हींत सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. फरक एकच: चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (OH) गट कोणत्या बाजूला आहे. तेवढ्यानं गोडी बदलते, विद्राव्यता बदलते.

आम्ल आणि उष्णता मिळाली की सुक्रोजची जोडी तुटते. सुक्रोजचं द्रावण ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) उजवीकडे वळवतं (विशिष्ट वळण +66.5 अंश), तुटल्यावरच्या मिश्रणाचं वळण डावीकडे, सुमारे −20. म्हणून या मिश्रणाला उलटी साखर म्हणतात. कारखान्यात रसाचा ‘पोल’ (त्यातल्या सुक्रोजचा अंदाज) काढतात तो याच वळणावरून. उलट्या साखरेतले सुटे रेणू वाढत्या दाण्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, रचनेत मात्र सामावत नाहीत. दाण्याची वाढ रेंगाळते. शिवाय फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं.

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला की त्यातलं विकर (एन्झाइम) हीच मोडतोड गाळपाआधीच सुरू करतं. म्हणून तोडीनंतर 24 तासांत गाळप हवं. ताज्या रसाचा सामू (pH; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.2 ते 5.5 च्या आसपास असतो. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून तो 6.2 ते 6.4 वर आणावा. चुना जास्त झाला तर तुटलेल्या शर्करा काळवंडतात आणि गूळ काळा पडतो. जाळ मंद ठेवून तासन्‌तास उकळणंही घातक, कारण आम्लाला तेवढाच वेळ मिळतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहून 116 ते 118 अंश सेल्सिअसला काहील उतरवावी.

गुलाबजामच्या पाकात लिंबाचे चार-पाच थेंब पिळतात, तेव्हा हीच उलटापालट आपण हौसेनं घडवतो. म्हणून तो पाक दुसऱ्या दिवशीही साखरत नाही.