बेणं कोणाचं? वाण-हक्क आणि कलम ३९ची पार्श्वभूमी

आंबेगावच्या सातगाव पठारावर कंपनीच्या कराराने चिप्सचा बटाटा होतो. बेणं कंपनी देते, माल ठरल्या भावाने उचलते. प्रतवारीत नाकारलेला बटाटा पुढच्या हंगामाला लावता येतो का, हा प्रश्न तिथूनच उभा राहतो.

२०१९ मध्ये चिप्स बनवणाऱ्या पेप्सिकोने आपला ‘एफएल २०२७’ हा वाण लावल्याबद्दल गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले. काहींकडे प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली आणि मे महिन्यात दावे मागे घेतले. त्याला सर्रास ‘पेटंटचा खटला’ म्हटलं गेलं, पण तो पेटंटचा नव्हताच. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार रोप, बियाणं किंवा वाण यांना पेटंट मिळत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५च्या करारात मात्र वाणाला काहीतरी संरक्षण द्यावंच लागतं. म्हणून २००१चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आला; पेप्सिकोचे दावे याच कायद्याखाली होते.

यात पैदासकाराला, म्हणजे वाण तयार करणाऱ्याला, हंगामी पिकाच्या वाणावर १५ वर्षांपर्यंत हक्क मिळतो. पण कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायला, पेरायला, देवाणघेवाण करायला, विकायलासुद्धा मुभा देतं. बंदी एकाच गोष्टीला: संरक्षित वाणाचं लेबल लावून, पिशवीबंद विकायला. साध्या पोत्यातून शेजाऱ्याला दिलेलं बी गुन्हा नाही. शिवाय कंपनीने सांगितलेलं उत्पन्न आलं नाही, तर याच कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

कापसाची गोष्ट वेगळी. २००२ मध्ये बीटी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस) आला, त्याच्या पुढच्या ‘बोलगार्ड-२’ प्रकारातल्या जनुकाचं पेटंट होतं आणि ४५० ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीतच त्याचं शुल्क भरलं जाई. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते पेटंट रद्द ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण परत पाठवलं. पण शेतकऱ्याला बांधून ठेवलं ते संकराने. संकरित कापसाचं घरचं बी पेरलं की दुसऱ्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, उत्पन्न घटतं. मग राखायचा हक्क कागदावरच उरतो.

तो खरा कामाला येतो सोयाबीनसारख्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणात. सोयाबीनची साल नाजूक. मळणीयंत्राचे मिनिटाचे फेरे जास्त ठेवले की ती दुखावते आणि कोंब फुटत नाही. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवावेत, आठवड्याने ७० तरी उगवलेले असावेत. कमी भरले तर एकरी बी वाढवावं. बटाट्याच्या करारावर सही करताना मात्र नाकारलेल्या मालाचं काय करायचं, ते वाक्य आधी शोधावं.