वाळवी लाकडात नसते

चिपळूणजवळच्या एका गावात माझा आतेभाऊ जुनं घर घ्यायला निघाला होता. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागे न्हाणीघर, परसात फणस. सगळीकडे ताजा तेलरंग. (विकायच्या घराला ताजा रंग दिसला की मला उगीच संशय येतो.) न्हाणीच्या दाराची चौकट मी बोटाच्या पेराने वाजवत खाली आलो. वर खणखणीत, गुडघ्याखाली मात्र पुठ्ठ्याचं खोकं वाजवावं तशी. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर रंगाच्या पापुद्र्यातून आत गेला. आत लाकडाचे उभे पातळ पदर उरले होते आणि मधल्या मऊ लाकडाच्या जागी माती. चौकटीमागे भिंतीवर मातीची एक रेघ, पेन्सिलीएवढी जाड.

"ती जुनी हो," मालक काका म्हणाले. "औषध मारलंय मागे. मेली सगळी."

वाळवी लाकडात राहते असं आपण धरून चालतो. आपल्याकडे घरं पोखरणारी बहुतेक वाळवी राहते जमिनीत, लाकूड ही तिची खानावळ. कामकरी वाळवी आंधळी असते आणि तिची कातडी इतकी पातळ, की उघड्या कोरड्या हवेत ती लवकरच सुकून मरते. म्हणून वारुळापासून खानावळीपर्यंत ती मातीचे कण, लाळ आणि विष्ठा कालवून झाकलेली वाट बांधते. त्या नळीत हवा दमट राहते. त्यामुळे जाणकार तपासनीस लाकडाआधी पाणी शोधतो: गळणारा नळ, ओल आलेली भिंत, जोत्याला टेकलेला मातीचा ढीग किंवा सरपण. फ्लॅटवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. पाइपांच्या डक्टमधून, वायरिंगच्या नळ्यांमधून, मिलिमीटरभर फटीतून ती वरचे मजले गाठते आणि प्लायवुडच्या कपाटाची पाठ आधी खाते, कारण तिकडे कोणी बघत नाही.

तिला पांढरी मुंगी म्हणतात तेही चूकच. मुंगीचं नातं मधमाशी-गांधीलमाशीशी, वाळवीचं झुरळाशी. झुरळांचंच हे एक मोठं खटलं, असं सांगितलं की घर घेणाऱ्याला आणखीच वाईट वाटतं. लाकूड पचवायला तिला आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची मदत लागते. वारुळं उभारणारी ओडोंटोटर्मीस नावाची वाळवी त्याच्याही पुढची, ती वारुळात बुरशीची बाग करते. गोव्यात पावसाळ्यात चढ्या भावाने विकली जाणारी रोयणीची अळमी (वारुळावरची अळंबी) उगवते ती असल्याच बागांमधून.

किनारपट्टीवर आणखी एक जात भेटते, सुक्या लाकडातच संसार करणारी. तिला मातीची वाट लागत नाही. फर्निचरखाली खसखशीसारखे दाणे पडलेले दिसले आणि भिंगातून ते सहा पैलूंचे निघाले, तर ती. टाल्कम पावडरीसारखा भुगा पडत असेल तर तो भुंगेऱ्याचा उद्योग, त्याचं औषध वेगळं. खिडकीत गळालेल्या पंखांचा सडा असेल तर पहिल्या पावसात उडालेल्या वाळवीचं वारूळ आसपासच असण्याची शक्यता धरावी.

अमेरिकेत अनेक ठिकाणी घरकर्ज देणारे वाळवीच्या तपासणीचा अहवाल मागतात. आपल्याकडे बँक टायटल बघते, मूल्यांकन करून घेते, चौकट कोणी वाजवत नाही.

सागवान आहे, काळजी नको, असंही काकांनी सांगून पाहिलं. सागाच्या आतल्या तपकिरी गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी रसायनं असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. पण बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला हे संरक्षण नसतं, आणि ही चौकट नेमकी तसल्या पांढऱ्या पट्ट्याची होती.

मेली की जिवंत, हे बघायला फार काही लागत नाही. मी मातीची नळी मधेच दोन इंच खरवडून काढली, वरचा-खालचा भाग तसाच ठेवला. आत एकही वाळवी नव्हती, पण त्यावरून काही ठरत नाही. ती वाट सोडते आणि पुन्हा वापरायलाही घेते. काकांना म्हटलं, चार दिवस इथे झाडू लावू नका.

चौथ्या दिवशी आतेभावाने फोटो पाठवला. खरवडलेली जागा भरून निघाली होती. नवी माती ओली, जुनीपेक्षा गडद. भाव ठरवायला बसताना त्याने तोच फोटो काकांपुढे ठेवला.

घर त्याने घेतलं. वासे आणि तुळया ठणठणीत होत्या, चौकट तेवढी बदलावी लागली. ती उपटली तेव्हा दोन चिऱ्यांमधल्या मातीच्या सांध्यातून वाट थेट मोरीखाली उतरलेली दिसली. मोरीचा पाइप फुटलेला होता, कधीपासून ते काकांनाही ठाऊक नव्हतं. पेस्ट कंट्रोलवाल्याने भिंतीच्या कडेने फरशीत दर ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड सोडायचं ठरवलं. या औषधाचा वाळवीला सुगावा लागत नाही. ती त्यातून जाते आणि एकमेकींना चाटून-भरवून ते पसरवते. तो ड्रिल घेऊन आलाही, पण आतेभावाने त्याला दोन दिवस थांबवलं. आधी पाइप बदलून घेतला.