प्रेशर आहे, पण पाणी वाहतंय का?

जानेवारीत एका रात्री साडेदहाच्या सुमारास जर्मनीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. अंगात दोन स्वेटर, पायात लोकरीचे मोजे. "मामा, बाहेर उणे चार आहे. घर तापवणारा हीट पंप दिवसभर चालू, विजेचं मीटर पळतंय आणि घर सतरा अंशांच्या वर जात नाही. माणूस येऊन गेला. प्रेशर बरोबर आहे म्हणाला, फरशीखालून पाणी फिरवणारा पंप वाढवून ठेवला आणि गेला. त्यानंतर तर अजूनच गार वाटतंय." तिनं फोन पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजजवळ नेला. काटा दीड बारवर होता (बार हे दाबाचं एकक).

कोल्हापूरजवळच्या वडणग्याचे एक शेतकरी स्नेही त्या वेळी आमच्याकडे बसले होते. ते लगेच म्हणाले, "दीड बार हाय न्हवं? मग पाणी फिरतंय की!" या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितोय. नदीवरून ऊस भिजवणाऱ्या, पंपांत हयात गेलेल्या माणसाला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. जर्मनीतल्या त्या माणसालाही तसंच वाटलं होतं.

आधी यंत्रणा थोडक्यात. हीट पंप म्हणजे उलटा लावलेला फ्रीज. बाहेरच्या गार हवेतली उष्णता तो कॉम्प्रेसरच्या जोरावर उपसतो आणि घरातल्या पाण्याला देतो. एक युनिट वीज घालून तीन-चार युनिट उष्णता मिळते, म्हणून जाहिराती '400 टक्के कार्यक्षमता' असं छापतात. यात ऊर्जा कुठूनही नव्यानं निर्माण होत नाही. उरलेली युनिटं बाहेरच्या हवेतून आलेली असतात. ते कोमट पाणी फरशीखाली पुरलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं. भाचीच्या घरात अशा बारा नळ्या आहेत, बहुतेक ऐंशी मीटरच्या आसपास लांबीच्या. ही फरशी हाताला गरम लागलीच पाहिजे असंही नाही. युरोपीय मानकांनुसार माणसांच्या वावराच्या जागी तिचा पृष्ठभाग 29 अंशांपुढे जाऊ द्यायचा नसतो. म्हणून फरशीला हात लावून निदान करू नये, थर्मामीटर लावावा.

आता प्रेशरचं. पंचगंगेवरचा पंप पाणी वर चढवतो. नदी खाली, शेत वर, मधली उंची त्याला रोज नव्यानं जिंकावी लागते, कारण वर गेलेलं पाणी शेतात जिरतं. फरशीतलं पाणी मात्र बंद वाटेवर फिरतं. जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं आणि उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलून धरतं. तिथल्या पंपाची झुंज फक्त नळीतल्या घर्षणाशी असते. ते घर्षण उंचीच्या भाषेत एक-दीड मीटर भरतं, म्हणून चाळीस-पन्नास वॅटचा इवलासा पंप पुरतो. गेजवरचा दीड बार हा पाणी भरताना कोंडलेला दाब असतो. पंप बंद केला तरी काटा जवळपास तिथंच राहतो. नळ्यांत पाणी भरलेलं आहे एवढंच तो सांगतो. ते हलतंय की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

पाणी हलतंय की नाही हे तापमानातला फरक सांगतो, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. शाळेतलं सूत्र आठवा. एक लिटर पाणी एक अंशानं गार झालं की 4.2 किलोज्यूल उष्णता देतं. म्हणजे घराला मिळणारी उष्णता दोनच गोष्टींवर ठरते: दर सेकंदाला किती लिटर गेलं आणि परत येईपर्यंत किती अंश उतरलं. गॅसच्या बॉयलरवर रेडिएटर चालायचे तेव्हा पाणी वीस अंश उतरून परत आलं तरी चालायचं. 8.4 किलोवॅट उष्णतेसाठी मिनिटाला सहा लिटर पुरायचे. हीट पंपाला पाणी जास्त तापवणं महागात पडतं, म्हणून तिथं फरक पाचच अंशांचा ठेवतात. तेवढ्याच उष्णतेला मग चोवीस लिटर लागतात. चौपट! हीट पंपाच्या बऱ्याच तक्रारी शेवटी या चौपट पाण्यापाशी येऊन थांबतात.

मी भाचीला सहा आकडे लिहून घ्यायला सांगितले. हीट पंपातून निघणारं पाणी 38 अंश, परत येणारं 30. फरशीच्या नळ्यांत शिरणारं 34, निघणारं 30. हीट पंपाच्या पडद्यावर प्रवाह मिनिटाला पंधरा लिटर. फरशीच्या बारा नळ्यांवरच्या छोट्या काचेच्या फ्लो मीटरांत सरासरी अडीच लिटर, म्हणजे एकूण तीस.

अडतीस अंशांचं पाणी निघालं आणि पोचलं चौतीसचं. चार अंश गेले कुठे? दोन्हींमधलं अंतर तीन मीटरसुद्धा नव्हतं.

त्या तीन मीटरांत एक छोटी टाकी आहे. तिच्या अलीकडे हीट पंपाचा पंप, पलीकडे फरशीचा. दोघं एकमेकांना न विचारता आपापलं पाणी ओढतात. फरशीचा पंप तीस लिटर मागतोय, हीट पंपाकडून येतंय पंधराच. उरलेलं पंधरा लिटर येणार कुठून? फरशीतून नुकतंच परत आलेलं गार पाणीच टाकीतून वळून पुन्हा फरशीकडे जातं. प्रयाग चिखलीला कासारी आणि भोगावती मिळाल्यावर कुठलं पाणी कुणाचं हे वेगळं काढता येत नाही, तसंच इथं होतं. पंधरा लिटर 38 चं आणि पंधरा लिटर 30 चं मिसळलं की तीस लिटर 34 चं. ताळाही जमतो: पंधरा गुणिले आठ अंश एकशे वीस, तीस गुणिले चार अंशही एकशे वीस. उष्णता हरवलेली नाही, फक्त पातळ झाली आहे. 38 चं पाणी बनवायची वीज भाची मोजतेय आणि फरशीला 34 चं मिळतंय. फरशीचा पंप आणखी वाढवला तर आणखी गार पाणी मिसळेल. त्या माणसानं नेमकं तेच करून ठेवलं होतं. उलट बाजू जड झाली, म्हणजे हीट पंपाचं पाणी फरशीपेक्षा जास्त झालं, तर गरम पाणी फरशीला न शिवताच माघारी वळतं आणि कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊ लागतो. दोन्ही बाजूंचं पाणी जवळपास सारखं लागतं.

राहिला प्रश्न हीट पंपाकडून पंधराच लिटर का, याचा. नळ्यांतलं घर्षण प्रवाहाच्या साधारण वर्गात वाढतं. पाणी दुप्पट करायचं तर रेटा चौपट आणि शक्ती आठपट लागते. म्हणून वाटेत अडथळा असेल तर मोठा पंप हा फार महागडा उपाय ठरतो. अडथळा काढावा. दुसऱ्या दिवशी दुसरा तंत्रज्ञ आला. त्यानं यंत्र बंद केलं, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटले आणि पाणी गाळणारा स्ट्रेनर उघडला. जाळी काळ्या मळीनं लिंपलेली होती. ही मळी म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचं काळं ऑक्साइड. बंद पाण्यात थोडा ऑक्सिजन शिरला की लोखंडी भागांतून ते तयार होतं. चुंबकाला ते चिकटतं, म्हणून अशा यंत्रणेत चुंबक बसवलेला फिल्टर घालतात आणि तो खरोखर काम करतो. याचाच आधार घेऊन आपल्याकडे पाइपला चुंबक बांधून 'औषधी पाणी' विकणारे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. चुंबक लोखंडाचा कण पकडतो. पाण्याला तो औषध बनवत नाही.

जाळी धुतल्यावर हीट पंपाचा प्रवाह चोवीस लिटर झाला. मग मी तिला फरशीचा पंप कमी करायला लावलं. गार घरात पंप कमी करायचा, हे तिला पटवायलाच दहा मिनिटं गेली. बारा नळ्यांत सरासरी दोन लिटर, एकूण चोवीस. तासाभरानं फरशीत शिरणारं पाणी 38 झालं. तिसऱ्या दिवशी घर जरा जास्तच उबदार झालं, तेव्हा तिनं हीट पंपाचं सेटिंग 36 वर आणलं.

वडणग्याच्या स्नेह्यांना मी हे सगळं सरीच्या भाषेत सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "मग शेवटच्या सरीचं काय? तिला कमीच मिळत असणार." बरोबर धरलं त्यांनी. बाथरूमची नळी एकशे दहा मीटरची आहे, घर्षण जास्त, त्यामुळे तिथल्या मीटरात एकच लिटर दिसतंय. उसाला पाणी देताना जवळच्या सरीचं दार थोडं बांधून घेतात, तसे आता जवळच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा आवळायचे आहेत. एक आवळला की बाकी अकरांचे आकडे हलतात, म्हणून रविवारी ती फोन मॅनिफोल्डसमोर, म्हणजे बाराही नळ्या जिथं एकत्र जोडल्या आहेत तिथं, उभा करून ठेवणार आहे आणि आम्ही दोघं इथून सांगणार आहोत.