क्रिलचे ६ लाख २० हजार टन : एका आकड्याची पार्श्वभूमी

अंटार्क्टिकाभोवतीच्या क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या लहान समुद्री जीवाच्या, मासेमारीची चर्चा निघाली की पकडीच्या मर्यादेचा ६ लाख २० हजार टन हा आकडा येतोच. ऐकणाऱ्याला वाटते, कुणीतरी समुद्र मोजून, पेंग्विन आणि सीलची भूक वजा करून तो काढला असावा. प्रत्यक्षात तो जहाजांच्या जुन्या नोंदवह्यांतून आला आहे.

देवमाशांची कत्तल झाल्यामुळे दक्षिण महासागरात कोट्यवधी टन क्रिल 'जादा' उरला आहे, हा समज १९७०च्या दशकात बळावला. त्याच सुमारास सोव्हिएत जहाजांनी मोठ्या प्रमाणावर क्रिल पकडायला सुरुवात केली. १९८१-८२च्या हंगामात पकड ५ लाख टनांच्या वर गेली. अंटार्क्टिकातल्या सागरी जीवांच्या संवर्धनाचा १९८०चा करार या वाढत्या मासेमारीच्याच धास्तीतून झाला होता. जो जीव पकडायचा त्याच्याबरोबर त्याच्यावर जगणाऱ्यांचाही विचार करायचा आणि दोन-तीन दशकांत भरून न येणारा बदल होऊ द्यायचा नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्या काळात असे कलम असलेला मासेमारीचा करार दुर्मीळच होता.

पण हे कलम गणितात कसे बसवायचे? १९९०च्या दशकातल्या पहिल्या गणिती प्रारूपात (मॉडेलमध्ये) पेंग्विन नव्हता, सील नव्हता, देवमासाही नव्हता. क्रिलची वाढ, नैसर्गिक मृत्यू आणि वर्षागणिक कमी-जास्त होणारी पिल्लांची भरती एवढ्यावर २० वर्षांचे भविष्य पुन्हापुन्हा चालवून पाहिले जाई. मासेमारी नसताना असलेल्या अंडी घालणाऱ्या साठ्याच्या २० टक्क्यांखाली तो जाण्याची शक्यता १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा पहिला नियम. २० वर्षांनंतर मध्यम अंदाजाने ७५ टक्के साठा शिल्लक राहावा, हा दुसरा. दोन्हींतून जो कमी निघेल तो दर घ्यायचा. भक्षकांचा सगळा हिशेब त्या ७५मध्ये आला. फक्त क्रिलचा विचार केला तर ५० टक्के शिल्लक पुरते, मासेमारीच नसली तर १०० टक्के राहते. त्यांचा मध्य ७५. म्हणजे पेंग्विनला किती लागते हे मोजून तो ठरला नव्हता. हातात काहीच नसताना सावधपणे धरलेला तो मध्यबिंदू होता, आणि तसा तो योग्यही होता.

२००० साली चार देशांच्या जहाजांनी नैऋत्य अटलांटिकची ध्वनिलहरींनी पाहणी केली. फेरहिशेबानंतर साठा सुमारे ६ कोटी टन ठरला आणि त्यावरून मर्यादा निघाली ५६ लाख १० हजार टन. मग ६ लाख २० हजार कुठून आले?

ही खरी गुंतागुंत आहे. या आकड्याला 'ट्रिगर' म्हणतात. १९९१ साली या समुद्राच्या प्रत्येक उपक्षेत्रातली तोवरची सर्वाधिक वार्षिक पकड घेतली आणि त्यांची बेरीज केली. ही सर्वाधिक वर्षे सगळीकडे एकच नव्हती, त्यामुळे एवढी पकड कोणत्याही एका वर्षी प्रत्यक्षात झालेलीच नव्हती. मोठी मर्यादा लहान क्षेत्रांत वाटून दिल्याशिवाय पकड यापुढे जाऊ द्यायची नाही, असा तो उंबरठा होता. मोठ्या मर्यादेची ती वाटणी झालीच नाही, आणि उंबरठाच मर्यादा होऊन बसला. आज ज्याला 'सावध मर्यादा' म्हणून मिरवले जाते ते हेच. 'एकूण साठ्याच्या जेमतेम एक टक्का' हा युक्तिवाद भागाकार म्हणून बरोबर आहे. पण त्यातला छेद अख्ख्या समुद्राचा आहे, आणि घरट्यात पिल्लू असलेला पेंग्विन फार लांब जाऊ शकत नाही. कोकणात जवळ्याची मासेमारी पाहिलेल्याला हे सांगायला नको: एका पट्ट्यात भरभरून लागतो, शेजारच्या पट्ट्यात जाळे रिकामे येते. क्रिलही थव्यांनीच राहतो. जहाजे आणि पेंग्विन दोघेही त्याच थव्यांकडे जातात.

वाटणीचा प्रयत्न मनापासून झाला होता. २००२मध्ये भक्षकांच्या चारा शोधण्याच्या टापूंवरून १५ लहान एकके आखली गेली. पुढच्या काही वर्षांत क्रिल, भक्षक आणि जहाजे यांना प्रथमच एकत्र आणणारी प्रारूपे तयार झाली. क्रिल प्रवाहाबरोबर एका एककातून दुसऱ्यात वाहत जातो की जागच्या जागी राहतो, हे नक्की नव्हते. चारा घटल्यावर पिल्ले लगेच कमी होतात की बराच काळ फरक दिसत नाही, हेही नक्की नव्हते. म्हणून दोन्ही टोकांच्या शक्यता धरून प्रारूपे चालवली. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: जुन्या पकडीच्या प्रमाणात वाटणी केली, तर भक्षकांचे सर्वाधिक नुकसान होते. कारण जहाजे आधीपासूनच भक्षकांच्या वसाहतींच्या जवळ पकडत होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे उत्तर. ते मानले असते, तर जहाजांना किनाऱ्यापासून लांब, महागड्या पाण्यात जावे लागले असते.

२००९मध्ये लहान एककांऐवजी ट्रिगरचीच ढोबळ वाटणी झाली. चार उपक्षेत्रांना ट्रिगरच्या २५, ४५, ४५ आणि १५ टक्के. बेरीज १३० होते. जहाजांना हलायला वाव राहावा म्हणून. अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतच्या पाण्याला २५ टक्के, म्हणजे १ लाख ५५ हजार टन मिळाले आणि नंतरच्या अनेक हंगामांत ते भरल्याने मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. पेंग्विन वसाहतींभोवतीचा काही टापू कंपन्यांनी २०१८मध्ये स्वेच्छेने वगळला, पण ते बंधन नव्हे. शिवाय आता देवमासे परतताहेत, आणि त्यांची वाढती भूक जुन्या आकड्यांत कुठेच नाही.

ताजा साठा-अंदाज, भक्षकांशी होणारा टकराव आणि नवे प्रारूप मिळून मर्यादा ठरवायची, असे २०१९मध्ये ठरले. त्यातून द्वीपकल्पाजवळची मर्यादा चौपटीहून अधिक वाढवण्याचा प्रस्ताव निघाला. सोबत संरक्षित क्षेत्रही हवे, असा आग्रह होता. करारातल्या सदस्य देशांचे निर्णय सर्वसंमतीनेच होतात. ती झाली नाही, आणि २०२४च्या अखेरीस २००९ची वाटणीच संपुष्टात आली. ट्रिगर तेवढा उरला.

ऑगस्ट २०२५मध्ये, हंगामाचे चार महिने शिल्लक असताना, पकड प्रथमच ६ लाख २० हजार टनांच्या घरात पोहोचली आणि मासेमारी थांबवावी लागली. कोणत्या पाण्यात किती पकडायचे, हे त्या हंगामात ठरलेले नव्हते.